गृहनिर्माण वसाहतींतील पडीक जागा आणि मुलांचे खेळ : गुरुग्रामच्या अनुभवाचा अर्थशास्त्रीय अभ्यास

वसाहतीच्या मंजूर आराखड्यात हिरव्या रंगाने दाखविलेली जागा आणि मुलांना प्रत्यक्षात खेळावयास मिळणारी जागा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची नोंद शासनदप्तरी असते. दुसरीची नोंद कोठेही होत नाही. नागरी नियोजनाच्या चर्चेत मोकळ्या जागेचे दरडोई प्रमाण हा निकष वारंवार येतो. ती जागा कोण वापरतो, किती वेळ वापरतो आणि कोणास तेथून परत पाठविले जाते, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात गृहनिर्माण वसाहतींतील अल्पवापरातील जागा मुलांच्या खेळासाठी उपलब्ध करून देण्याच्या प्रश्नाचा विचार गुरुग्रामच्या संदर्भात केला आहे. तुलनेसाठी मुंबईतील काही उदाहरणे घेतली आहेत. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमातील सार्वजनिक वस्तू, सामायिक संसाधने, संधी खर्च, बाह्यता आणि नागरी प्रशासन या संकल्पना या एकाच उदाहरणातून अभ्यासता येतात, हा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या विषयाचा आणखी एक लाभ होय.

गुरुग्रामची पार्श्वभूमी

हरियाणा राज्यातील गुडगाव हे दिल्लीलगतचे शहर २०१६ पासून अधिकृतपणे गुरुग्राम या नावाने ओळखले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार गुडगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १५.१४ लाख होती आणि २००१ ते २०११ या दशकातील वाढ सुमारे ७४ टक्के होती. देशातील फारच थोड्या जिल्ह्यांनी या वेगाने वाढ अनुभवली.

या वाढीची पद्धतही वेगळी होती. 'हरियाणा नागरी क्षेत्र विकास व नियमन अधिनियम, १९७५' या कायद्याने खासगी विकासकांना परवाना घेऊन वसाहती उभारण्याची मुभा दिली. १९७७ साली हुडा या नावाने परिचित असलेले प्राधिकरण अस्तित्वात आले. त्यानेही सेक्टर विकसित केले. म्हणजे एकाच शहरात सरकारी सेक्टर, खासगी परवान्याच्या वसाहती आणि त्यांच्यामध्ये वेढली गेलेली चक्करपूर, नाथूपूर, सिकंदरपूर, वजिराबाद, झाडसा यांसारखी जुनी गावे असे तीन प्रकारचे भूभाग शेजारीशेजारी आले. महानगरपालिका मात्र २००८ साली स्थापन झाली आणि समन्वयासाठी महानगर विकास प्राधिकरण २०१७ साली आले. शहर आधी उभे राहिले आणि शहराचे शासन नंतर आले, असे थोडक्यात म्हणता येईल.

१९७५ च्या कायद्यातील एक तरतूद आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. परवानाधारक विकासकाने बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यापासून पाच वर्षे रस्ते, मोकळ्या जागा व सार्वजनिक उद्याने यांची देखभाल करावयाची आणि त्यानंतर ती विनामूल्य शासनाकडे किंवा स्थानिक संस्थेकडे सुपूर्द करावयाची, अशी ही अट आहे. तिची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. पाच वर्षांची मुदत दाखल्याच्या तारखेपासून सुरू होते. दाखला लांबला की हस्तांतरण लांबते, आणि तोपर्यंत उद्यानाची जबाबदारी नेमकी कोणाची, याविषयी रहिवासी, विकासक आणि महानगरपालिका यांची मते वेगवेगळी असू शकतात. जबाबदारी अस्पष्ट असली की जागेवर खर्च करण्यास कोणीही पुढे येत नाही.

अल्पवापरातील जागा म्हणजे काय?

येथे 'पडीक' हा शब्द शेतीच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. वसाहतीतील अल्पवापरातील जागांचे ढोबळमानाने पाच प्रकार करता येतील. पहिला प्रकार इमारतींमधील सामासिक अंतराचा. दुसरा, इमारतीखालील खांबांवरील मोकळ्या तळमजल्याचा व उघड्या वाहनतळाचा. तिसरा, शोभेच्या हिरवळीचा. येथे जागा राखलेली असते, परंतु 'खेळण्यास मनाई आहे' असा फलकही असतो. चौथा, शाळा, दवाखाना किंवा समाजमंदिर यांसाठी राखून ठेवलेल्या आणि वर्षानुवर्षे न बांधलेल्या भूखंडांचा. पाचवा, हरितपट्टे, जुने बंधारे आणि सेवारस्त्यांच्या कडा यांचा.

यांपैकी प्रत्येक जागा खेळासाठी योग्य असते असे नव्हे. उच्चदाब वीजवाहिन्यांखालील पट्टा किंवा नाल्याचा काठ मुलांसाठी मोकळा करणे धोक्याचे आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उंच इमारतीभोवती अग्निशमन वाहनासाठी किमान ६ मीटर रुंदीची मोकळी जागा आवश्यक असते. तेथे मुले धावू शकतात; पण घसरगुंडी किंवा कट्टा बांधता येणार नाही. कोणती जागा घ्यावयाची नाही हे आधी ठरविणे, ही अशा उपक्रमाची पहिली पायरी होय.

खेळाची जागा ही कोणत्या प्रकारची वस्तू?

पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ साली सार्वजनिक वस्तूंची संकल्पना काटेकोरपणे मांडली. पुढील विवेचनानुसार अशा वस्तूची दोन लक्षणे सांगितली जातात. एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा उपभोग कमी होत नाही, हे पहिले. आणि कोणास उपभोगापासून वगळता येत नाही, हे दुसरे. पथदिवा हे याचे नेहमीचे उदाहरण. खेळाचे मैदान मात्र या व्याख्येत पुरतेपणी बसत नाही. दहा मुले खेळत असताना अकरावे मूल आले तर काही बिघडत नाही. शंभरावे आले की खेळच थांबतो. म्हणजे एका मर्यादेपर्यंत ते सार्वजनिक वस्तूसारखे वागते आणि त्यापुढे गर्दीचा खर्च सुरू होतो.

जेम्स बुकॅनन यांनी १९६५ साली अशा मधल्या वस्तूंसाठी 'क्लब वस्तू' ही संकल्पना मांडली. सदस्यसंख्या मर्यादित, खर्च वाटून घेतलेला आणि बाहेरच्यांना प्रवेश नाही, अशी तिची रचना असते. गुरुग्रामच्या कुंपणबंद वसाहतीतील बाग ही या अर्थाने क्लब वस्तू आहे. तिचे कुंपण सदस्यांना गर्दीपासून वाचविते. परंतु कुंपणाबाहेर राहणाऱ्या मुलांच्या वाट्याला ती येत नाही.

तिसरी संकल्पना सामायिक संसाधनांची. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली असे प्रतिपादन केले, की सर्वांच्या मालकीच्या कुरणाचा ऱ्हास अटळ असतो, कारण प्रत्येक जण आपला लाभ पाहतो आणि हानी सर्वांवर ढकलतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात अनेक देशांतील प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे दाखवून दिले, की हा ऱ्हास अटळ नाही. वापरकर्त्यांनी स्वतः नियम केले, देखरेख ठेवली आणि उल्लंघनासाठी चढत्या क्रमाने दंड ठरविला, तर सामायिक संसाधने पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

वसाहतीतील पडीक जागेच्या बाबतीत मात्र हार्डिन यांच्या कुरणाहून उलट परिस्थिती आढळते. येथे अतिवापर नाही; वापरच नाही. मायकेल हेलर यांनी १९९८ साली अशा स्थितीचे विश्लेषण केले आहे. एखाद्या संसाधनाबाबत 'नाही' म्हणण्याचा अधिकार अनेकांकडे असला आणि 'होय' म्हणण्याचा अधिकार पूर्णपणे कोणाकडेच नसला, की ते संसाधन वापराविना राहते. तळमजल्यावरील रहिवाशास आवाज नको असतो, वाहनधारकास काचा फुटण्याची भीती असते, व्यवस्थापन समितीस अपघाताची जबाबदारी नको असते आणि विकासकास हस्तांतरणापूर्वी बदल नको असतो. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या जागी समजण्यासारखे आहे. या सर्व नकारांची बेरीज होऊन जागा रिकामी राहते. यात एका गटाचे म्हणणे मात्र नोंदविलेच जात नाही. मुले सर्वसाधारण सभेची सदस्य नसतात आणि त्यांना मतही नसते.

वाहनतळ आणि खो-खो : संधी खर्चाचे एक उदाहरण

एखादी जागा एका कामासाठी वापरल्याने तिचा जो सर्वोत्तम पर्यायी उपयोग सोडून द्यावा लागतो, त्याचे मूल्य म्हणजे संधी खर्च. उघड्या वाहनतळात एका मोटारीसाठी, वळण्याची व ये-जा करण्याची जागा धरून, सुमारे २३ चौरस मीटर जागा नियोजनात गृहीत धरली जाते. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद, म्हणजे ४३२ चौरस मीटरचे असते. म्हणजेच १९ मोटारींच्या जागेत खो-खोचे एक मैदान बसते. कबड्डीचे मैदान १३ मीटर गुणिले १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटरचे. त्यास ६ मोटारींची जागा पुरते. खो-खोत एका वेळी दोन्ही बाजूंचे मिळून बारा खेळाडू मैदानावर असतात आणि तासाभरात संघ बदलत राहतात. उभी मोटार त्या तासात काहीच करीत नाही.

याचा अर्थ वाहनतळ काढून टाकावेत असा नव्हे. डोनाल्ड शूप यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे, की विनामूल्य वाहनतळ प्रत्यक्षात विनामूल्य नसतो. त्याचा खर्च मोटार नसलेल्या व्यक्तीसही इतर मार्गांनी सोसावा लागतो. वसाहतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या मोटारीसाठी शुल्क नसेल, तर त्या मोटारींचा खर्च मुलांच्या खेळाच्या जागेतून वसूल होत असतो. शुल्क लावल्यास दोन गोष्टी घडतात : जागेची मागणी घटते आणि मैदानाच्या देखभालीसाठी निधी मिळतो. शिवाय मागणीची वेळही वेगळी असते. मोटारी दिवसा कार्यालयाकडे जातात आणि रात्री परततात. मुले दुपारी चार ते सात या वेळेत खेळतात. एकाच जागेचे वेळेनुसार वाटप हा यातील सर्वांत कमी खर्चाचा मार्ग होय.

गुरुग्राममधील प्रयोग

१७ नोव्हेंबर २०१३ रोजी गुरुग्राममध्ये 'राहगिरी' हा उपक्रम सुरू झाला. रविवारी सकाळी काही तासांसाठी ठरावीक रस्ते मोटारींना बंद करावयाचे आणि ते चालणे, सायकल, नृत्य व खेळ यांसाठी मोकळे करावयाचे, अशी त्याची पद्धत होती. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७४ पासून चालत आलेल्या सायक्लोव्हिया या परंपरेची प्रेरणा त्यामागे होती. नागरिकांचे गट, स्वयंसेवी संस्था आणि प्रशासन यांच्या सहकार्यातून उभा राहिलेला हा उपक्रम पुढे दिल्ली, भोपाळ आदी शहरांनीही स्वीकारला. आर्थिक दृष्टीने त्याचे महत्त्व असे, की यात बांधकामावर खर्च नव्हता. रस्ता तोच राहिला. केवळ त्याच्या वापराचा हक्क काही तासांसाठी बदलला. बदल परत फिरविता येण्याजोगा असल्याने विरोधही कमी झाला. मात्र आठवड्यातून एक सकाळ हा मुलाच्या रोजच्या खेळाला पर्याय होऊ शकत नाही, ही त्याची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे.

दुसरे उदाहरण मोठ्या प्रमाणावरील आहे. खाणकामामुळे उजाड झालेली सुमारे ३९० एकर जमीन २०१० पासून अरवली जैवविविधता उद्यान म्हणून विकसित करण्यात आली. नागरिक, शाळकरी मुले आणि कंपन्यांचे कर्मचारी यांनी महानगरपालिकेच्या सहकार्याने तेथे धौ, पळस यांसारखे स्थानिक वृक्ष लावले. २०२२ साली या उद्यानास संरक्षित क्षेत्राबाहेरील प्रभावी संवर्धन क्षेत्र हा दर्जा मिळाला आणि असा दर्जा मिळविणारे ते देशातील पहिले स्थळ ठरले. याच शहरातील चक्करपूर ते वजिराबाद हा सुमारे पाच किलोमीटरचा जुना बंधाराही कचरा व अतिक्रमणे दूर करून चालण्याच्या व सायकलीच्या मार्गात रूपांतरित करण्यात आला. तो वसाहती आणि गावे या दोहोंच्या कडेने जातो. कुंपणाच्या दोन्ही बाजूंची मुले ज्या जागी येऊ शकतात, अशा थोड्या जागांपैकी ती एक आहे.

मुंबईची उदाहरणे

महाराष्ट्रातील वाचकांस हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. खोल्या अत्यंत लहान होत्या. परंतु चाळींमधील मोकळी जागा हीच खेळ, सभा, उत्सव आणि व्याख्याने यांची जागा झाली. वरळीचे जांबोरी मैदान याच वसाहतीचा भाग होय. घरातील टंचाईची काही प्रमाणात भरपाई बाहेरच्या सामायिक जागेने केली. पुनर्विकासात घराचे क्षेत्रफळ वाढते, ही निःसंशय स्वागतार्ह बाब आहे. परंतु त्या वेळी बाहेरच्या जागेचे काय होते, हेही हिशेबात धरले पाहिजे.

गोवंडी येथील नटवर पारेख कंपाउंड ही पुनर्वसन वसाहत याच्या नेमक्या उलट परिस्थितीचे उदाहरण आहे. पायाभूत सुविधा प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांना तेथे घरे देण्यात आली. इमारती एकमेकींच्या इतक्या निकट आहेत, की मधल्या गल्ल्यांत पुरेसा प्रकाशही पोहोचत नाही. या भागातील पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेला अभ्यास २०१८ साली प्रकाशित झाला. त्याने अपुरा सूर्यप्रकाश व वायुविजन आणि क्षयरोगाचे प्रमाण यांतील संबंधाकडे लक्ष वेधले. याच कंपाउंडमध्ये 'कम्युनिटी डिझाइन एजन्सी' या संस्थेने रहिवाशांसह कचऱ्याने भरलेल्या जागा स्वच्छ करणे, भिंती रंगविणे, मुलांसाठी 'किताब महल' हे ग्रंथालय उभे करणे अशी कामे हाती घेतली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे गोवंडी कला महोत्सव भरला आणि त्यात स्थानिक तरुणांचा मोठा सहभाग होता.

या उदाहरणातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, अगदी दाट वस्तीतही सामायिक जागेचे रूप रहिवाशांच्या सहभागाने बदलता येते. दुसरा निष्कर्ष अधिक कठोर आहे : इमारतींमधील अंतर एकदा कमी ठेवले, की ते पुढे कोणत्याही सुशोभीकरणाने वाढविता येत नाही. नंतरची दुरुस्ती ही मूळ नियोजनाला पर्याय नाही.

जगातील दोन धडे

डेन्मार्कमधील भूरचनाकार सोरेन्सन यांनी असे पाहिले होते, की तयार बागेपेक्षा बांधकामाच्या जागेवरील लाकूड, दोर व माती यांत मुले अधिक रमतात. १९४३ साली, युद्धकाळात, कोपनहेगनमधील एम्ड्रुप येथील गृहनिर्माण वसाहतीत त्यांच्या कल्पनेनुसार पहिले साहसी क्रीडांगण सुरू झाले. ॲमस्टरडॅममध्ये वास्तुविशारद आल्डो व्हान आइक यांनी १९४७ पासून सुमारे तीन दशकांत महानगरपालिकेसाठी ७०० हून अधिक लहान क्रीडांगणे रचली. त्यांतील अनेक रिकाम्या भूखंडांवर आणि चौकांतील उरलेल्या तुकड्यांवर होती. वाळूचा खड्डा, उड्या मारण्यासाठी काही ठोकळे आणि लटकण्यासाठी साध्या पट्ट्या एवढेच त्यांचे साहित्य असे. भोवती कुंपण नसे. एक भव्य उद्यान आणि घराजवळच्या शेकडो लहान जागा यांत निवड करावयाची झाल्यास, लहान मुलांसाठी दुसरा पर्याय अधिक उपयुक्त ठरतो. कारण सहा वर्षांचे मूल एकट्याने रस्ता ओलांडून दूर जाऊ शकत नाही.

कायदेशीर व संस्थात्मक चौकट

परीक्षेच्या दृष्टीने पुढील तरतुदी लक्षात ठेवाव्यात.

(१) संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील अनुच्छेद ३१ मुलांच्या विश्रांतीचा व खेळाचा हक्क मान्य करतो. भारताने १९९२ साली ही संहिता स्वीकारली.

(२) ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची समाविष्ट झाली. तिच्यातील बारावी नोंद उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधांची आहे.

(३) केंद्र शासनाच्या २०१४ च्या नागरी व प्रादेशिक नियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत ५,००० लोकसंख्येमागे ०.५ हेक्टरचे वसाहत उद्यान आणि १५,००० लोकसंख्येमागे १ हेक्टरचे परिसर उद्यान सुचविले आहे.

(४) स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या व्याख्येत उद्याने व खेळाच्या जागा यांचा समावेश सामायिक क्षेत्रात होतो. मंजूर आराखड्यात व सामायिक क्षेत्रात बदल करावयाचा झाल्यास विकासकास किमान दोन-तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी पूर्वसंमती आवश्यक असते. सामायिक क्षेत्राची मालकी सदनिकाधारकांच्या संघटनेकडे हस्तांतरित करणेही त्याच्यावर बंधनकारक आहे.

(५) बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या १९९१ च्या खटल्यात, उद्यानासाठी राखीव भूखंड खासगी रुग्णालयास देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला नाही. रुग्णालय उपयुक्त असले तरी उद्यानाची जागा त्यासाठी घेता येणार नाही, हा त्याचा आशय होय. मुंबईतील कोहिनूर प्रकरणात २०१३ साली याच न्यायालयाने विकास नियंत्रण नियमावलीनुसार अनिवार्य असलेली मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीच्या पातळीवरच असली पाहिजे, असे स्पष्ट केले.

(६) बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगणाची तरतूद आहे. ही क्रीडांगणे सायंकाळी बहुधा रिकामी असतात. करारपूर्वक ती परिसरातील मुलांना खुली करणे हा नव्या जमिनीविना मैदान मिळविण्याचा मार्ग आहे.

(७) स्मार्ट शहरे अभियानांतर्गत पाच वर्षांखालील बालके व त्यांचे पालक यांना केंद्रस्थानी ठेवणारी परिसरविकास स्पर्धा २०२० साली जाहीर झाली होती. अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. त्यामुळे आता अशा कामांची जबाबदारी प्रामुख्याने नागरी स्थानिक संस्थांवर आहे.

कार्यपद्धती आणि खर्च

अनुभवावरून अशा उपक्रमाचे चार टप्पे सांगता येतील. प्रथम, मालकी व सुरक्षितता यांची तपासणी. दुसरा टप्पा मोजणीचा : एक आठवडा, दर तासाला, त्या जागी किती मोटारी, किती प्रौढ, किती मुलगे आणि किती मुली आहेत याची साधी नोंद ठेवावी. 'जागा वापरात आहे' किंवा 'नाही' या वादाचे उत्तर या नोंदीतून मिळते. तिसरा टप्पा तात्पुरत्या प्रयोगाचा : खडूने आखणी करून, दोर बांधून, एक-दोन महिने ठरावीक वेळी जागा खेळासाठी मोकळी करावी. कायमचे बांधकाम हा चौथा टप्पा, आणि तो तिसऱ्यातील अनुभवानंतरच.

खर्चाचा अंदाज एका काल्पनिक उदाहरणाने घेता येईल. समजा, ४०० कुटुंबांच्या वसाहतीत ६ लाख रुपये खर्चून एक जागा तयार केली. तिचे आयुष्य १० वर्षे आणि वार्षिक देखभाल खर्च १.२० लाख रुपये धरला. व्याज बाजूस ठेवल्यास वार्षिक खर्च ६०,००० अधिक १,२०,००० म्हणजे १.८० लाख रुपये होतो. प्रतिकुटुंब तो वर्षाला ४५० रुपये, म्हणजे महिन्याला ३८ रुपयांहून कमी पडतो. वर्षातील २०० दिवस रोज १०० मुले खेळली, तर प्रत्येक मुलाच्या दिवसाच्या खेळाचा खर्च ९ रुपये येतो. या उदाहरणात देखभालीचा वाटा भांडवली खर्चाच्या दुप्पट आहे, हे विद्यार्थ्यांनी पाहावे. उद्घाटनाच्या वेळी निधी मिळतो आणि तिसऱ्या वर्षी झोपाळ्याची साखळी बदलण्यास मिळत नाही, याचे कारण अंदाजपत्रकात हा वाटा धरलेला नसतो.

गुरुग्रामच्या हवामानाचाही विचार आवश्यक आहे. मे-जूनच्या उन्हात लोखंडी घसरगुंडी वापरता येत नाही. म्हणून महागड्या खेळसाहित्याच्या आधी सावलीची झाडे लावावीत. नोव्हेंबरच्या सुमारास हवेचे प्रदूषण वाढते तेव्हा बाहेरचा खेळ थांबवावा लागतो. वर्षाचे ३६५ दिवस धरून केलेला लाभाचा हिशेब म्हणूनच फसवा ठरेल. वरील उदाहरणात २०० दिवस धरले आहेत ते याच कारणाने.

समतेचा प्रश्न

या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न शेवटी येतो. वसाहतीने स्वतःच्या वर्गणीतून मैदान केले, तर ते सदस्यांपुरते ठेवण्याचा अधिकार तिला आहे. परंतु त्याच वसाहतीत दिवसभर घरकाम करणाऱ्या महिला, सुरक्षारक्षक आणि माळी यांची मुले शेजारच्या गावातील भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्या गावांची शामलात, म्हणजे सामायिक जमीन नागरीकरणात बव्हंशी आक्रसली. गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणांविषयी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०११ च्या निकालात कठोर भूमिका घेतली आहे. तथापि ज्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या तेथे मैदान परत येत नाही. ज्या मुलांच्या घरात जागा सर्वांत कमी आहे, त्यांनाच बाहेरची जागाही सर्वांत कमी मिळते.

येथे एक व्यवहार्य तत्त्व सुचविता येईल. सार्वजनिक निधी, सार्वजनिक जमीन किंवा आराखड्यातील सार्वजनिक उद्यान यांचा जेथे संबंध येतो, तेथे प्रवेश सर्वांना असला पाहिजे. जेथे जागा पूर्णतः खासगी सामायिक मालकीची आहे, तेथे सक्तीऐवजी प्रोत्साहन योग्य ठरेल : आठवड्यातील ठरावीक तास मैदान परिसरातील मुलांना खुले ठेवणाऱ्या वसाहतीस मालमत्ता करात सवलत देण्याचा विचार महानगरपालिका करू शकते. कारण खेळणाऱ्या मुलाच्या आरोग्याचा व सामाजिक वर्तनाचा लाभ केवळ त्याच्या कुटुंबास मिळत नाही; तो संपूर्ण शहरास मिळतो. यास अर्थशास्त्रात धन बाह्यता म्हणतात. ज्या वस्तूस धन बाह्यता असते, तिचे उत्पादन केवळ खासगी निर्णयावर सोडल्यास ते अपुरे राहते, आणि अनुदानाचे समर्थन याच आधारावर केले जाते.

समारोप

गुरुग्रामची कहाणी जमिनीच्या अभावाची नाही. जमीन आहे, तिचा वापर ठरविणारी यंत्रणा अस्पष्ट आहे. परवान्याची अट, हस्तांतरणातील विलंब, नकाराचे अनेक अधिकार आणि वाहनांना मिळणारी विनामूल्य जागा या चार कारणांनी मुलांच्या वाट्याची जागा कागदावर राहते. राहगिरीने दाखविले, की वापराचा हक्क बदलता येतो. बंधाऱ्याने व अरवली उद्यानाने दाखविले, की टाकून दिलेली जमीन पुन्हा वापरात आणता येते. गोवंडीने दाखविले, की रहिवाशांच्या सहभागाने बरेच साधते. परंतु नियोजनातील मूळ चूक त्याने पुसली जात नाही. मुलांचे बालपण मात्र हस्तांतरणाची वाट पाहत थांबत नाही. दाखल्यासाठी दहा वर्षे गेली, तर पाच वर्षांचे मूल पंधरा वर्षांचे होते आणि त्याच्यापुरता तो प्रश्न कायमचा निकालात निघतो. सार्वजनिक धोरणात विलंबाचा खर्च मोजावा, असे आपण म्हणतो, त्याचा याहून साधा अर्थ सांगता येणार नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सार्वजनिक वस्तू, क्लब वस्तू व सामायिक संसाधने यांतील फरक वसाहतीतील क्रीडांगणाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. 'अतिवापर आणि अवापर या दोन्ही समस्या मालकी हक्कांच्या सदोष रचनेतून निर्माण होतात.' हार्डिन, ऑस्ट्रॉम व हेलर यांच्या विचारांच्या आधारे चर्चा करा.

३. आपल्या परिसरातील एका वाहनतळाचे क्षेत्रफळ मोजा व त्याचा संधी खर्च खेळाच्या मैदानांत व्यक्त करा.

४. मोकळ्या जागांच्या संरक्षणात न्यायालयांची व नागरी स्थानिक संस्थांची भूमिका उदाहरणांसह विशद करा.